आकड्यामागची मोजपट्टी

मोजणे म्हणजे तुलना करणे होय. धान्याची रास पायलीने मोजली जाते, तेव्हा रास आणि पायली यांची तुलना होते. शेत काठीने मोजले जाते, तेव्हा शेत आणि काठी यांची तुलना होते. शिवछत्रपतींच्या काळात जमीनमोजणीसाठी पाच हात पाच मुठींची काठी ठरविण्यात आली, त्यामागे हाच विचार होता. हात प्रत्येकालाच असतो, पण प्रत्येकाचा हात सारखा नसतो; म्हणून हातांपेक्षा वेगळी, सर्वांना मान्य अशी एक काठी हवी. ही काठी ठरल्यापेक्षा आखूड निघाली, तर शेत होते तेवढेच राहते. परंतु त्याचा आकडा फुगतो आणि त्या आकड्यावर सारा बसतो. मोजपट्टीतला दोष मोजपट्टीत राहत नाही. तो आकड्यात उतरतो, आणि आकड्यावाटे माणसाच्या व्यवहारात शिरतो.

आज अशी मोजपट्टी घरोघरी असंख्य यंत्रांत दडलेली आहे. ताप पाहण्याचे अंकदर्शक उपकरण, सोनाराचा विजेचा काटा, पाण्याच्या टाकीची पातळी दाखविणारा दिवा, लसींच्या शीतपेटीचे तापमान नोंदविणारे यंत्र, या सर्वांत नखाएवढी एक चिप असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. ही चिप केवळ अंक जाणते. उलट, बाहेरच्या जगातली उष्णता, वजन, प्रकाश या गोष्टी अंकांच्या स्वरूपात येत नाहीत. त्या अखंडपणे कमीजास्त होत असतात. संवेदक नावाचा भाग त्यांचे विद्युद्दाबात, म्हणजे व्होल्टांत, रूपांतर करतो. त्या दाबाचे अंकात रूपांतर करणाऱ्या चिपमधील भागास एडीसी म्हणतात, आणि उलट अंकापासून दाब निर्माण करणाऱ्या भागास डीएसी. या दोघांच्याही हाती एक काठी असावी लागते. तो एक ठरीव विद्युद्दाब असतो. इंग्रजीत त्यास रेफरन्स व्होल्टेज म्हणतात. येथे त्याला प्रमाणदाब म्हणू.

एडीसीचे काम तराजूसारखे चालते. समजा, प्रमाणदाब ५ व्होल्ट आहे आणि ३.२ व्होल्टांचा दाब मोजावयाचा आहे. यंत्र प्रथम प्रमाणदाबाच्या निम्मे, म्हणजे २.५ व्होल्टांचे ‘वजन’ दुसऱ्या पारड्यात टाकते. ते हलके पडते, म्हणून तसेच राहू देते. मग त्याच्या निम्मे, १.२५ व्होल्टांचे वजन घालते. पारडे खाली जाते, म्हणून ते काढून घेते. मग ०.६२५ व्होल्टांचे, ते राहते. असे दहा वेळा केले, की १०२४ पायऱ्यांच्या जिन्यावर तो दाब कोणत्या पायरीवर आहे हे कळते. या उदाहरणात उत्तर ६५५ येते. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की ६५५ हा व्होल्टांचा आकडा नव्हे. प्रमाणदाबाचे १०२४ समान भाग केले, तर त्यांपैकी ६५५ भाग, एवढाच त्याचा अर्थ. तो केवळ गुणोत्तर सांगतो. प्रमाणदाब खरोखर किती आहे हे चिपला ठाऊक नसते. ते तिला माणसाने सांगितलेले असते, आणि ती त्यावर विश्वास ठेवते.

आपल्या देशात विद्युद्दाबांच्या आधारे गणित करण्याची आणि दाबांना अंकांत उतरविण्याची परंपरा शोधू गेल्यास कोलकात्याकडे वळावे लागते. १९५३ साली तेथील इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये समरेंद्रकुमार मित्र यांच्या मार्गदर्शनाखाली एक गणकयंत्र तयार झाले. दहा अज्ञात राशींची एकसामयिक समीकरणे ते सोडवीत असे. हे यंत्र ॲनॅलॉग पद्धतीचे होते. अशा यंत्रांत संख्या अंकांनी लिहिली जात नाही. एखाद्या ठरीव दाबाचा अमुक अंश म्हणजे अमुक संख्या, अशा रीतीने ती विद्युद्दाबाच्या रूपाने वावरते. अर्थात तो ठरीव दाब ढळला, की गणिताचे उत्तरही ढळते. पुढे १९५५ साली त्याच संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रयत्नांनी इंग्लंडहून एचईसी-२एम हे अंकपद्धतीचे गणकयंत्र आले. अशा प्रकारे अखंड दाबांचे जग आणि सुट्या अंकांचे जग एकाच आवारात शेजारी नांदू लागले. आज ही दोन्ही जगे एका चिपमध्ये सामावली आहेत, आणि त्यांच्यामधल्या उंबरठ्यावर प्रमाणदाब उभा आहे.

याच शहरातले दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर फिजिक्स या संस्थेत ‘मानस’ नावाची चिप आखण्यात आली आणि चंडीगढजवळ मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये ती घडविण्यात आली. जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील ‘ॲलिस’ प्रयोगात म्यूऑन नावाच्या कणांचा माग काढण्यासाठी तिचा उपयोग झाला. २००९ पासून २०१८ पर्यंतच्या निरीक्षणांत तिने काम केले. त्यानंतरच्या नूतनीकरणात तिची जागा ब्राझीलमध्ये आखलेल्या ‘सांपा’ चिपने घेतली. मानसच्या एका चिपमध्ये १६ वाहिन्या असत, आणि सगळ्या मिळून वाहिन्यांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. वाहिन्यांतून येणारे सूक्ष्म दाब पाळीपाळीने पुढच्या एडीसीकडे जात आणि तेथे त्यांचे ४०९६ पायऱ्यांच्या जिन्यावर मोजमाप होई. कणाची चाहूल नसतानाही प्रत्येक वाहिनी शून्य न दाखविता काही एक आकडा दाखवी. म्हणून प्रत्येकीचा हा बैठा आकडा आधी नोंदवून तो मोजमापातून वजा करावा लागे. मोजपट्टीला दोन टोके असतात, हे यावरून ध्यानात येते. वरचे टोक प्रमाणदाबाने ठरते आणि खालचे शून्याने. दोन्ही खरी असतील तरच मधल्या खुणा खऱ्या ठरतात.

आता मुख्य प्रश्न असा, की ही काठी हवी तेवढी लांब किंवा आखूड घेता येईल काय? येत नाही. तिला वरून एक मर्यादा आहे आणि खालून एक.

वरची मर्यादा चिपला पुरविल्या जाणाऱ्या विजेने ठरते. चिपच्या पोटातील सूक्ष्म कळा तिच्या स्वतःच्या पुरवठ्यावर उघडझाप करतात; पुरवठ्याहून अधिक दाब त्यांना नीट हाताळता येत नाही. शिवाय प्रत्येक टोकाशी संरक्षक डायोड बसविलेले असतात. टोकावरील दाब पुरवठ्याच्या वर सुमारे अर्धा व्होल्ट गेला, की हे डायोड उघडतात आणि नको त्या वाटेने प्रवाह वाहू लागतो. एटीमेगा३२८पी ही चिप विद्यार्थ्यांच्या आणि हौशी कारागिरांच्या हाती सर्वत्र दिसते. तिच्या बाबतीत उत्पादकाने प्रमाणदाबाची मर्यादा स्पष्ट शब्दांत दिली आहे : तो १ व्होल्टाहून कमी नसावा आणि एडीसीच्या पुरवठ्याहून अधिक नसावा. ३.३ व्होल्टांवर चालणाऱ्या चिपला ५ व्होल्टांचा प्रमाणदाब जोडणे म्हणजे तिच्या नाशाला निमंत्रण देणे होय. येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. या चिपमध्ये स्वतःचाही प्रमाणदाब असतो. बाहेरून एक प्रमाणदाब जोडलेला असताना आज्ञावलीत अंतर्गत प्रमाणदाब निवडला, तर दोन्ही उगम एकमेकांना भिडतात आणि चिपला इजा होऊ शकते.

प्रमाणदाबाहून अधिक, परंतु पुरवठ्याहून कमी असा दाब मोजावयास आला, तर मात्र काही बिघडत नाही. एडीसी आपली शेवटची पायरी, म्हणजे १०२३ हा आकडा दाखवून थांबते. पायली शिगोशीग भरल्यावर पुढचे दाणे खाली सांडावेत, त्यातलाच हा प्रकार आहे. मोजमाप चुकते, परंतु यंत्र शाबूत राहते.

खालच्या मर्यादेचे कारण निराळे आहे. प्रमाणदाब जितका लहान, तितकी प्रत्येक पायरी बारीक. ५ व्होल्टांचे १०२४ भाग केले, तर एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टांची होते. १ व्होल्टाचे केले, तर ती १ मिलिव्होल्टाहूनही किंचित लहान होते. तेव्हा काठी आखूड घेत जावे आणि हवी तेवढी बारकाई मिळवावी, असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु तराजूच्या दांडीलाही थोडी थरथर असतेच. चिपच्या अंकविभागातील धावपळीमुळे दाबात बारीक चढउतार होत राहतात, आणि दोन दाबांची तुलना करणाऱ्या भागातही काही मिलिव्होल्टांची तफावत असू शकते. काठी आखूड केली म्हणून ही थरथर कमी होत नाही. पायरी थरथरीपेक्षा लहान झाली, की वाढीव बारकाई केवळ दिखाऊ ठरते. म्हणूनच उत्पादक खालची मर्यादा घालून देतात. एसटीएम३२एफ१०३ या चिपमध्ये ४०९६ पायऱ्या असतात. तेथे प्रमाणदाब २.४ व्होल्टांच्या खाली नेण्याची मुभा नाही, आणि वर तो एडीसीच्या पुरवठ्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. या चिपच्या लहान आकाराच्या प्रकारांत तर प्रमाणदाबासाठी वेगळे टोकच बाहेर काढलेले नसते. पुरवठा हाच प्रमाणदाब असतो. वरची मर्यादा ओलांडली तर यंत्र बिघडते, आणि ते बिघडल्याचे कळते. खालची ओलांडली तर यंत्र चालूच राहते; बिघडतो तो आकडा, आणि तो बिघडल्याचे कोणास कळत नाही.

डीएसीलाही हाच नियम लागू पडतो, फक्त दिशा उलटी. ३.३ व्होल्टांचा प्रमाणदाब आणि ४०९६ पायऱ्या असतील, तर २०४८ हा अंक दिल्यावर बरोबर निम्मा, म्हणजे १.६५ व्होल्टांचा दाब बाहेर पडतो. परंतु येथेही काठीची दोन्ही टोके हाती येतीलच असे नाही. उपरोक्त एसटीएम३२ चिपमध्ये बाहेर पडणाऱ्या दाबाला बळ देणारा भाग चालू ठेवल्यास खालचे ०.२ व्होल्ट आणि वरचे ०.२ व्होल्ट हिशेबातून वजा धरावे लागतात.

मर्यादा पाळल्या म्हणजे सर्व निभावले, असे मात्र नाही. मर्यादेच्या आतला प्रमाणदाबही सांगितल्याप्रमाणेच असेल याची हमी नसते. याचे गांभीर्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. केंद्र सरकारच्या लसींचे राष्ट्रीय साठे कर्नाल, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता येथील औषधभांडारांत ठेवले जातात, आणि तेथून त्या राज्यांकडे जातात. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राखाव्या लागतात. उष्णतेने लसीची शक्ती क्षीण होते. आणि धनुर्वात, काविळीची ब या प्रकारची लस यांसारख्या काही लसी गोठल्यानेही निकामी होतात. आता अशी कल्पना करावी, की एखाद्या गावच्या दवाखान्यासाठी कोणी होतकरू तंत्रज्ञाने शीतपेटीचे तापमान दाखविणारे स्वस्त यंत्र तयार केले. त्यात टीएमपी३६ हा संवेदक आहे. तो शून्य अंशाला ५०० मिलिव्होल्ट देतो आणि दर अंशाला १० मिलिव्होल्टांनी वाढतो. ५ व्होल्टांच्या प्रमाणदाबाने एक पायरी जवळजवळ अर्ध्या अंशाची होते. म्हणून तंत्रज्ञाने एटीमेगाचा अंतर्गत १.१ व्होल्टांचा प्रमाणदाब निवडला. पायरी आता अंशाच्या सुमारे दहाव्या भागाएवढी झाली. निवड शहाणपणाची, आणि मर्यादेत बसणारी.

परंतु या १.१ व्होल्टांविषयी उत्पादकाचे म्हणणे एवढेच आहे, की तो १.० ते १.२ यांच्या दरम्यान असेल. एखाद्या चिपमध्ये तो खरोखर १.२ निघाला आणि पेटीतील तापमान १२ अंशांवर गेले, तर यंत्र ७ अंशांहूनही थोडे कमी दाखवील. पाहणारी परिचारिका निश्चिंत राहील आणि लस खराब होत राहील. दुसऱ्या चिपमध्ये तो १.० निघाला, तर पेटीत बर्फ जमण्याची वेळ आली असताना, म्हणजे शून्य अंशाला, यंत्र ठळक अक्षरांत ५ अंश दाखवील. आखूड काठीने शेत मोठे भरावे, तसे हे आहे. दोन्ही यंत्रे दशांशापर्यंतचा आकडा देतील, दोन्ही आकडे स्थिर असतील, आणि दोन्ही खोटे असतील. लस टोचलेल्या बालकाच्या आईला या गोष्टीचा पत्ता कधीच लागणार नाही.

यावर उपाय अवघड नाही. त्या विशिष्ट चिपचा प्रमाणदाब तपासलेल्या मीटरने एकदा मोजून तोच आकडा आज्ञावलीत लिहावा. अथवा वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यात संवेदक बुडवून यंत्र शून्य दाखविते की नाही ते पाहावे. त्यात संवेदकाचा स्वतःचा दोषही उघडा पडतो. एसटीएम३२ कुटुंबातील पुष्कळ चिपांमध्ये कारखान्यातच अंतर्गत प्रमाणदाब मोजून त्याची नोंद चिपच्या स्मृतीत ठेवलेली असते. ती वाचण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

प्रमाणदाब येतो कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी प्रयोगशाळांतून वेस्टन यांचा कॅडमियम-पाऱ्याचा घट वापरीत. १९११ पासून त्याचा २० अंश तापमानाचा दाब १.०१८३ व्होल्ट असा आंतरराष्ट्रीय व्यवहारात धरला गेला. चिपमध्ये पाऱ्याचा घट ठेवता येत नाही. तेथे सिलिकॉनच्याच एका गुणधर्माचा आधार घेतात. सिलिकॉनच्या सांध्यावरील दाब उष्णतेबरोबर दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टांनी उतरतो. दुसऱ्या एका जोडणीतून उष्णतेबरोबर चढणारा दाब मिळविता येतो. दोहोंची योग्य बेरीज केली, की चढ आणि उतार एकमेकांना सावरून घेतात, आणि सुमारे १.२ व्होल्टांचा बराचसा स्थिर दाब हाती येतो. १९६४ साली डेव्हिड हिल्बिबर यांनी ही कल्पना मांडली आणि पुढे रॉबर्ट विडलर यांनी ती चिपमध्ये रूढ केली.

हा दाब ‘बराचसा’ स्थिर असतो, पूर्णपणे नव्हे. दर अंशाला दहा लाखांत ५० भाग एवढाच तो ढळत असेल, तरी कोलकात्याच्या हिवाळ्यातील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांमधील ३० अंशांच्या फरकाने ४०९६ पायऱ्यांपैकी सहा पायऱ्यांची चूक पदरी पडते. शिवाय प्रमाणदाबाच्या उगमात पुरेसे बळही हवे. दोन समान रोधकांनी ५ व्होल्टांचे २.५ केले आणि ते प्रमाणदाब म्हणून जोडले, तर काम स्वस्तात होते. परंतु एटीमेगाच्या त्या टोकाचा आतला रोध सुमारे ३२ किलोओहम असतो. रोधक १० किलोओहमचे असतील, तर जोडताक्षणी २.५ चे सुमारे २.१६ व्होल्ट होतात. ज्याच्यावर भार टाकताच जो वाकतो, त्याला काठी म्हणता येत नाही.

तथापि, असाही एक प्रकार आहे, की जेथे काठीची लांबी ठाऊक नसली तरी चालते. कोलकात्याच्या बऊबाजारातील असो की सांगलीच्या सराफकट्ट्यावरील असो, विजेच्या काट्यात वजनाने किंचित वाकणारा एक धातूचा संवेदक असतो. त्याला ५ व्होल्ट पुरविले, तर पूर्ण भाराला तो साधारणपणे १० मिलिव्होल्ट देतो, ४.९ पुरविले, तर ९.८ देतो. संवेदकाला जो दाब पुरविला तोच एडीसीला प्रमाणदाब म्हणून दिला, तर दोन्ही एकाच प्रमाणात घटतात आणि गुणोत्तर अढळ राहते. पुरवठा डळमळला तरी तोळ्याचा तोळाच भरतो. परंतु हा न्याय टीएमपी३६ सारख्या संवेदकाला लागू पडत नाही, कारण त्याचे मिलिव्होल्ट पुरवठ्यावर अवलंबून नसतात. आपला संवेदक कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे, ही प्रमाणदाब निवडण्याची पहिली पायरी होय.

जेथे खऱ्या व्होल्टाची गरज असते, तेथे मात्र एका मोजपट्टीची परीक्षा तिच्याहून श्रेष्ठ मोजपट्टीने व्हावी लागते. कारखान्यातील मीटर तपासणी-प्रयोगशाळेत जातो. कोलकात्यातील अलीपूर येथे १९१२ साली स्थापन झालेले शासकीय परीक्षणगृह, म्हणजे आजचे नॅशनल टेस्ट हाउस, अशा संस्थांपैकी एक होय. प्रयोगशाळांच्या वर दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा असते. तेथे व्होल्ट हा घटात साठविलेला नसतो. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ साली वर्तविलेल्या परिणामाच्या आधारे, अतिशीत सांध्यावर ठरावीक कंपनसंख्येच्या लहरी सोडून तो निर्माण केला जातो. २० मे २०१९ पासून त्याचे मूल्य निसर्गाच्या स्थिरांकांशी कायमचे बांधले गेले आहे : एका व्होल्टास ४८३५९७.८४८४ गिगाहर्ट्झ. खेड्यातील दवाखान्यातल्या यंत्रापासून या सांध्यापर्यंत तुलनेची एक साखळी पोचते. तिचा एक दुवा गळला, की पुढचे सारे आकडे केवळ अंदाज ठरतात.

अंकाला एक विलक्षण प्रतिष्ठा लाभली आहे. तापमापीतील पाऱ्याची रेघ पाहताना मनुष्य डोळे बारीक करतो आणि थोडा साशंक राहतो. काचेवर ५.० असे अक्षर उमटले, की ती शंका मावळते. वास्तविक ती तेव्हाच जागी व्हावयास हवी. शेतकरी सारा भरण्यापूर्वी काठी पाहावयास मागत असे. सोने घेणारा अजूनही काट्यावर वजनमाप खात्याची मोहर शोधतो. ज्या यंत्रांच्या आकड्यांवर औषध दिले जाते, लस ठेवली जाते किंवा टाकून दिली जाते, त्यांच्याविषयीही हाच प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे. आकडा किती, हे यंत्र सांगते. तो कशाच्या मानाने, आणि ते मान शेवटचे केव्हा तपासले, हे मात्र यंत्र बनविणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने स्वतःच पाहावयाचे असते.